ओटिस (गीत)

ओटिस : जे-झी आणि कान्ये वेस्ट या अमेरिकन रॅप गायकांचे हिप-हॉप गीत. दोघांच्या ‘वॉच द थ्रोन’ (२०११) या संयुक्त संग्रहातील हे गीत २० जुलै २०११ रोजी न्यूयॉर्कच्या ‘हॉट ९७’ या नभोवाणी केंद्रावर प्रथम ऐकवले गेले. सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावोत्कट संगीतप्रकाराचे दिवंगत गायक ओटिस रेडिंग (१९४१–१९६७) यांनी गायलेल्या ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणातील अंश त्यात वापरले आहेत. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून, कापून, पुन्हा पुन्हा वाजवून त्यावर नवी रचना उभी करण्याच्या पद्धतीला सॅम्पलिंग म्हणतात. हिप-हॉपमध्ये जुने आवाज पदोपदी भेटतात, पण त्यांचे मूळ धनी बहुधा बारीक अक्षरांतच राहतात. येथे मात्र गीताचे शीर्षकच रेडिंग यांच्या नावाचे आहे आणि सहभागी गायक म्हणूनही त्यांचा उल्लेख आहे. त्यांच्या मृत्यूनंतर ४४ वर्षांनी मिळालेला हा मान या गीताचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य मानावा लागेल.

मूळ गाणे रेडिंग यांच्याहूनही जुने आहे. जिमी कॅम्बेल, रेज कॉनेली आणि हॅरी वूड्स यांची ही रचना १९३२ मध्ये रे नोबल यांच्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केली, तेव्हा ते एक संथ, मवाळ प्रेमगीत होते. जॉर्जिया राज्यात जन्मलेल्या आणि मेकन शहरात वाढलेल्या रेडिंग यांनी १९६६ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चित्रपटगृहात थाटलेल्या ध्वनिमुद्रणगृहात, त्याचा सारा नूरच पालटला. ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ हा वादकसंच साथीला होता आणि संगीतरचनेत आयझॅक हेझ यांचा मोठा वाटा होता. सुरुवातीला फुंकवाद्यांचे उदास सूर येतात, मग रेडिंग जवळजवळ बोलल्यासारखे गाऊ लागतात. ड्रमवादक अल जॅक्सन घड्याळाच्या टिकटिकीसारखा बारीक ठेका धरतात. तो हळूहळू भरत जातो आणि अखेरीस शब्द मागे पडून नुसते उद्गार, हुंकार आणि अर्धवट तुटलेली अक्षरे उरतात. पुढच्याच वर्षी, १० डिसेंबर १९६७ रोजी, विस्कॉन्सिनमधील मॅडिसनजवळ मोनोना सरोवरात विमान कोसळून रेडिंग वयाच्या २६ व्या वर्षी मरण पावले.

कान्ये वेस्ट यांनी निर्मिती करताना नेमका हा चढत गेलेला भाग निवडला. ‘ओटिस’च्या प्रारंभी रेडिंग यांचा आवाज बराच वेळ जवळजवळ अखंड ऐकू येतो आणि मगच त्याची कापणी सुरू होते. गाण्याच्या शेवटचे हुंकार व तुटक अक्षरे छाटून त्यांचेच आवर्तन बनवले आहे. गळ्यातून निघालेला एक धक्का ड्रमच्या घावासारखा ठरावीक मात्रेवर येऊन पडतो. गीताला रूढ अर्थाने ध्रुवपद नाही. दोघे रॅपर आळीपाळीने कडवी म्हणतात आणि ध्रुवपदाची जागा हा आवाजच भरून काढतो. वेस्ट यांच्या आरंभीच्या निर्मितीत जुना आवाज वेगाने फिरवून चिरका करण्याची लकब होती, तिला ‘चिपमंक सोल’ असे नाव पडले. येथे तो मोह टाळल्यामुळे रेडिंग यांच्या आवाजाचा खरखरीत पोत शाबूत राहिला आहे. स्त्रीशी हळुवारपणे वागावे असे सांगणाऱ्या गाण्यावर संपत्तीच्या बढाया रचल्या, हा आक्षेप वजनदार आहे आणि शब्दांपुरता तो खोडून काढता येत नाही. मात्र लयीच्या बाबतीत रेडिंग यांची आर्तता या गीताने अचूक ओळखली आहे.

अशा वापरासाठी अमेरिकेत दोन स्वतंत्र परवानग्या लागतात : एक रचनेच्या हक्कधारकांची, दुसरी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्यीय न्यायालयाने सॅम्पलिंगच्या खटल्यात रॅपर बिझ मार्की यांच्याविरुद्ध निकाल दिला, तेव्हापासून विनापरवाना सॅम्पलिंग फार जोखमीचे झाले आणि गीतांच्या श्रेयनामावल्या लांबत गेल्या. ‘ओटिस’च्या गीतकारांत म्हणूनच १९३२ च्या तिन्ही रचनाकारांची नावे येतात. रेडिंग हे मूळ गाण्याचे रचनाकार नसल्याने त्या यादीत त्यांना स्थान नाही, जरी ऐकणाऱ्याच्या मनात ते गाणे त्यांचेच असले तरी. ध्वनिमुद्रणाच्या मालकीची कथाही कटू आहे. अ‍ॅटलांटिक कंपनीशी झालेल्या वितरणाच्या करारातील एका कलमामुळे स्टॅक्स कंपनीची तोवरची मूळ ध्वनिमुद्रणे अ‍ॅटलांटिकच्या मालकीची ठरली आणि ही गोष्ट स्टॅक्सच्या चालकांना फार उशिरा, १९६७–६८ च्या सुमारास उमगली.

‘ओटिस’ हे गीत ‘बिलबोर्ड हॉट १००’ या अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि २०१२ मध्ये त्याला सर्वोत्तम रॅप सादरीकरणाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. स्पाइक जोन्झ यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रफितीत ‘मायबाख’ ही महागडी मोटार कापून तिचे दरवाजे काढले जातात आणि त्या उघड्या गाडीत दोघे गायक मोकळ्या आवारात भरधाव फिरतात. ती मोटार मार्च २०१२ मध्ये लिलावात ६०,००० डॉलरना विकली गेली. ही रक्कम पूर्व आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेला देण्याचे ठरले होते.