आफ्रिकेतील 'अ‍ॅक्सेस' संगीत परिषदेत सादरीकरण : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

आफ्रिका खंडातील संगीत व्यवसायाशी संबंधित मंडळींना एकत्र आणणारी 'अ‍ॅक्सेस' ही परिषद जोहान्सबर्ग येथील 'म्युझिक इन आफ्रिका फाउंडेशन' ही ना-नफा संस्था भरवते. सीमेन्स श्टिफ्टुंग आणि गोएथे इन्स्टिट्यूट या दोन जर्मन संस्थांच्या पुढाकारातून या कामाची पायाभरणी झाली. परिषद एका शहराला बांधलेली नाही. २०१७ साली ती सेनेगलमधील डकारला, २०१८ साली नैरोबीला, २०१९ साली घानातील अक्रा येथे आणि २०२४ साली रवांडाच्या किगाली शहरात भरली. दिवसा चर्चासत्रे, कार्यशाळा व व्यावसायिक भेटीगाठी आणि संध्याकाळी निवडक कलाकारांचे प्रत्यक्ष गायन-वादन अशी तिची साधारण रचना असते. संध्याकाळच्या या सादरीकरणाला 'शोकेस' म्हणतात, आणि पुढील माहिती त्यासाठीच्या अर्जाविषयी आहे. नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाम किंवा जोहान्सबर्ग येथे राहून तेथील कलावंतांबरोबर वाजवणारे मराठी वादक आणि तेथील वाद्यवृंदांचे व्यवस्थापन पाहणारे आपले लोक यांना ती उपयोगी पडेल.

शोकेस ही नेहमीची मैफल नव्हे. समोरच्या श्रोत्यांत महोत्सवांचे कार्यक्रम ठरवणारे, बुकिंग एजंट, रेकॉर्ड कंपन्यांचे प्रतिनिधी आणि संगीत पत्रकार बसलेले असतात, वेळ मोजका मिळतो आणि एकाच रात्री एकाच रंगमंचावर अनेक पथके एकापाठोपाठ येतात. अर्जात मागितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या परिस्थितीतून आलेली आहे, हे ध्यानात ठेवल्यास कोणता कागद कशासाठी लागतो हे आपोआप उलगडते.

पात्रतेची पहिली कसोटी म्हणजे कलाकाराचे आफ्रिकेशी असलेले नाते. येथे नागरिकत्व आणि वास्तव्य या दोन वेगळ्या बाबी आहेत. एखाद्या परिषदेचे अर्ज मागवणारे आवाहन आफ्रिकेत राहून काम करणाऱ्या कलाकारांपुरते असू शकते, तर दुसऱ्या एखाद्या परिषदेत परदेशी स्थायिक झालेल्या आफ्रिकी वंशाच्या कलाकारांनाही वाव असतो. त्यामुळे भारतीय पारपत्र असलेल्या, पण केनियात कायदेशीर वास्तव्य असलेल्या तबलावादकाने आपला निवास परवाना अर्जाच्या वेळीच हाताशी ठेवावा आणि पथकाच्या वतीने अर्ज कोण करणार, हेही आधीच ठरवून घ्यावे. दुसरी कसोटी स्वतःच्या रचनांची आहे. इतरांची लोकप्रिय गाणी उत्तम गाणाऱ्या पथकाला समारंभांत मागणी असते, परंतु महोत्सवाचे संयोजक नवी निर्मिती शोधत असल्यामुळे शोकेसच्या अर्जात अशा पथकाचे पारडे हलके राहते. पारंपरिक रचना चालतात, मात्र मांडणी स्वतःची असावी आणि रचना पारंपरिक असल्याचे स्पष्ट लिहावे.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. 'म्युझिक इन आफ्रिका'चे संकेतस्थळ इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत चालते, आणि कलाकाराला तेथे आपले पान तयार करता येते. शोकेसचे आवाहन प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता हे पान आधीच पूर्ण करून ठेवावे, कारण परिचय, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती एकदा नीट लावून ठेवल्या की तीच सामग्री इतर ठिकाणीही कामी येते. परिचय दोन लांबींचा असावा : एक कार्यक्रमपत्रिकेत जसाच्या तसा छापता येईल असा शंभर शब्दांच्या आतला आणि दुसरा सविस्तर. दोन्ही तृतीय पुरुषात लिहावेत. छायाचित्र छपाईयोग्य असावे, त्यात सध्याच्या पथकातील सर्व सदस्य दिसावेत आणि छायाचित्रकाराची परवानगी लेखी घेतलेली असावी.

माझ्या मते संपूर्ण अर्जाचा प्राण प्रत्यक्ष सादरीकरणाच्या चित्रफितीत आहे. अनेक गुणी कलाकार महागड्या म्युझिक व्हिडिओचा दुवा जोडतात आणि तेथेच मागे पडतात, कारण स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवणाऱ्या गायकावरून तो रंगमंचावर कसा गाईल हे कळत नाही. एका ठिकाणी स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले, मध्ये कुठेही न तोडलेले, आवाज स्वच्छ असलेले एक पूर्ण गाणे यापेक्षा कितीतरी मोलाचे ठरते. गाणे सुरुवातीपासूनच पकड घेणारे निवडावे, कारण शेकडो अर्ज पाहणारा परीक्षक दोन मिनिटांच्या आलापीनंतर येणाऱ्या बहारीपर्यंत थांबेलच असे नाही. अर्जात पाच जणांचे पथक लिहिले असेल, तर चित्रफितीतही तेच पाच जण असावेत. दुवा खासगी ठेवलेला नाही आणि संकेतशब्दाशिवाय उघडतो, याची खात्री दुसऱ्याच्या फोनवरून करून घ्यावी.

यानंतरचा महत्त्वाचा कागद म्हणजे तांत्रिक मागणीपत्र, ज्याला व्यवसायात 'टेक रायडर' म्हणतात. त्यासोबत स्टेज प्लॉट, म्हणजे रंगमंचावर कोण कुठे उभा राहील याचा आराखडा, आणि इनपुट लिस्ट, म्हणजे ध्वनियंत्रणेला जोडायच्या प्रत्येक माइकची व वायरची क्रमवार यादी द्यावी लागते. दोन पथकांमधील अदलाबदलीला फारच थोडा वेळ मिळत असल्याने ध्वनितंत्रज्ञ याच यादीवर विसंबून असतो. पारंपरिक वाद्यांच्या बाबतीत ती विशेष काळजीने करावी. उदाहरणार्थ, पश्चिम आफ्रिकेतील २१ तारांच्या कोरा या वाद्याला पिकअप, म्हणजे वाद्याचे कंपन थेट टिपणारे उपकरण, बसवलेला असेल तर 'कोरा : पिकअप, डीआय बॉक्स हवा' असे लिहावे (डीआय बॉक्स म्हणजे वाद्याची वायर ध्वनियंत्रणेला जोडणारी छोटी पेटी), आणि नसेल तर माइक वाद्याच्या कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर लावायचा ते लिहावे. झिंबाब्वेतील एम्बिरा, म्हणजे धातूच्या पट्ट्या अंगठ्यांनी छेडून वाजवायचे वाद्य, भोपळ्याच्या पोकळ कवचात बसवून वाजवली जाते आणि तिचा झणझणाट हा तिच्या नादाचाच भाग असतो. हे अनोळखी तंत्रज्ञाला आधी सांगितले नाही, तर तो यंत्रणेतील बिघाड समजून तोच नाद छाटून टाकतो. तबला असेल तर दोन स्वतंत्र माइक, वादकासाठी चौथरा आणि मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर, यांची नोंद करावी. ड्रमसेट, अ‍ॅम्प्लिफायर यांसारखी आयोजकांकडून मिळणारी बॅकलाइन कोणती आणि स्वतः आणायचे काय, हे आवाहनात पाहूनच यादी अंतिम करावी.

खर्चाची बाब अर्ज पाठवण्यापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे. विमानभाडे, निवास, स्थानिक वाहतूक, व्हिसा शुल्क आणि मानधन यांपैकी आयोजक काय देणार आणि कलाकाराने काय सोसायचे, हे प्रत्येक परिषदेत आणि प्रत्येक वर्षी वेगळे असू शकते. आफ्रिकेत शेजारच्या देशात जायचे असले तरी अनेकदा विमान तिसऱ्याच देशातून फिरून जाते आणि भाडे फुगते. म्हणून निवडपत्र हातात येण्याआधीच अंदाजपत्रक करावे आणि प्रवास अनुदानांची माहिती मिळवावी. दक्षिण आफ्रिकेतील कलाकारांसाठी 'कॉन्सर्ट्स एसए'सारख्या उपक्रमांनी आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडील देशांसाठी प्रो हेल्वेशिया या स्विस कलासंस्थेच्या जोहान्सबर्ग कार्यालयाने अशा प्रवासाला आर्थिक साहाय्य दिलेले आहे. अनुदान देणारे बहुधा निमंत्रणपत्र मागतात, तेव्हा निवड झाल्याबरोबर आयोजकांकडून संस्थेच्या लेटरहेडवर, तारखांसह आणि सर्व सदस्यांच्या नावांसह पत्र मागून घ्यावे. त्यातील नावे पारपत्राप्रमाणेच असावीत. रंगमंचीय नाव कितीही गाजलेले असले तरी दूतावासात आणि विमानतळावर ते चालत नाही.

पारपत्राची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात कोरी पाने असावीत. व्हिसाचे नियम यजमान देशानुसार बदलतात. रवांडाने आफ्रिकी देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय प्रवेश खुला केला आहे, केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन पूर्वपरवानगीची, म्हणजे ईटीएची, पद्धत आणली आहे, तर पश्चिम आफ्रिकेतील इकोवास गटाच्या नागरिकांना परस्परांच्या देशांत ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते. पथकात वेगवेगळ्या देशांचे वादक असतील तर प्रत्येकासाठी स्वतंत्र तपासणी करावी लागते. केवळ आफ्रिकी नागरिकत्वावर मिळणाऱ्या सवलती भारतीय पारपत्रधारकाला आपोआप लागू होत नाहीत, ही गोष्ट मिश्र पथकांत हमखास नजरेतून सुटते. पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन कार्यक्रम करता येतो का, हा प्रश्न त्या देशाच्या दूतावासाला लेखी विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे. पथकात १८ वर्षांखालील कलाकार असल्यास जन्मदाखला आणि दोन्ही पालकांचे संमतिपत्र बरोबर ठेवावे.

पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र हा भारतात परतणाऱ्यांसाठी अतिशय महत्त्वाचा कागद आहे. घानासारखे देश प्रवेशाच्या वेळीच ते पाहतात. शिवाय केनिया, घाना, सेनेगल, नायजेरिया यांसारख्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून वैध प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते, म्हणजे प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर वैध मानले जाते, त्यामुळे पूर्वी लस घेतलेल्यांनी जुने पिवळे पुस्तक शोधून ठेवावे. लस केवळ शासनमान्य केंद्रांवरच घ्यावी.

वाद्यांचीही कागदपत्रे असतात, याचा विचार फार थोडे जण करतात. नाव, बनावटीचा क्रमांक, वजन, अंदाजे किंमत आणि छायाचित्र असलेली वाद्यांची यादी करून ती यजमान देशात शिरतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून शिक्का मारून घ्यावी, म्हणजे परत जाताना वाद्ये विकली का, असा प्रश्न उरत नाही. दक्षिण आफ्रिका, सेनेगल, मोरोक्को, मॉरिशस यांसारख्या देशांत तात्पुरत्या आयातीसाठी एटीए कार्नेट, म्हणजे सीमाशुल्क न भरता वस्तू नेऊन परत आणण्याचा आंतरराष्ट्रीय दाखला, चालते. भारतात ते 'फिक्की' या उद्योग-व्यापार महासंघाकडून मिळते. वन्य प्राण्यांपासून बनवलेल्या वाद्यांबाबत तडजोड नको. हस्तिदंताचा तुकडा जडवलेले जुने वाद्य किंवा अजगराच्या कातड्याचा ढोल सायटीज, म्हणजे संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखालील, परवान्याशिवाय सीमेपार नेल्यास तो जप्त होऊ शकतो. गोव्याचे घुमट हे मातीच्या घटाचे तालवाद्य पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवले जाई. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि परदेशी तसेच घुमट न्यावे. बकऱ्याचे असले तरी काही देशांत पशुवैद्यकीय तपासणी होते, म्हणून कातडे कमावलेले व केसविरहित आहे असे कारागिराकडून लिहून घ्यावे. भोपळ्याच्या कवचाचे वाद्य सामानात न देता कठीण पेटीत घालून जवळ ठेवावे आणि ते कॅबिनमध्ये मावेल का, हे तिकीट काढण्यापूर्वीच विमान कंपनीला विचारावे.

'अ‍ॅक्सेस'मध्ये निवड झाली नाही तरी तयार झालेली ही फाइल वाया जात नाही. आयव्हरी कोस्टमधील आबिजान येथे १९९३ पासून भरणाऱ्या 'मासा' या प्रयोगकलांच्या बाजारपेठेसाठी, मोरोक्कोतील रबात येथील 'व्हिसा फॉर म्युझिक'साठी किंवा केप व्हर्दच्या प्राया शहरातील 'अटलांटिक म्युझिक एक्स्पो'साठी थोड्याफार फरकाने हीच सामग्री लागते. आबिजान, रबात आणि डकारसाठी परिचयाचा फ्रेंच मसुदा जाणकाराकडून करून घ्यावा.

निवड झालेल्यांनी सादर केलेल्या रचनांची यादी, प्रत्येक रचनेचे संगीतकार व गीतकार आणि त्यांच्या हक्कसंस्थेतील नोंदणीसह, आयोजकांकडे त्याच दिवशी द्यावी. दक्षिण आफ्रिकेत सामरो, घानात घामरो, सेनेगलमध्ये सोदाव आणि भारतात आयपीआरएस या संस्था रचनाकारांच्या सार्वजनिक सादरीकरणाच्या हक्कांचे काम पाहतात. आपल्या रचना नोंदलेल्या नसतील तर ते काम अर्जापूर्वी उरकावे, कारण नोंद नसलेल्या रचनेची रॉयल्टी रचनाकारापर्यंत पोहोचवणे या संस्थांनाही अवघड जाते.