जोड तापतो, एमसीबीला पत्ता नसतो

'आगीचे कारण शॉर्टसर्किट असल्याचा प्राथमिक अंदाज.' बातमीत हे वाक्य आलं की मला शॉर्टसर्किटची कीव येते. फेज आणि न्यूट्रल थेट भिडले तर शेकडो अँपिअरची धारा उसळते आणि धड एमसीबी (जास्त धारा वाहिली की वीज तोडणारा खटका) डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. खरा संशयित पुष्कळदा संथ असतो. गच्चीवर वाढवलेल्या खोलीत त्याला लपायला भरपूर जागा मिळते.

अशा खोलीची वीज बहुधा खालच्या खोलीतल्या बोर्डातून ओढलेली असते. दिवा-पंख्याच्या एक एमएम (म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरला पीळ मारून, टेप गुंडाळून पुढची वायर जोडायची, झालं काम. पुढे तिथे एसी येतो, गिझर येतो. दोन्ही मिळून १६ अँपिअर. १० अँपिअरचा एमसीबी सारखा पडू लागतो, मग कुणीतरी ३२ चा बसवतो. एमसीबी एसीच्या रक्षणासाठी आहे, असा सार्वत्रिक समज. तो असतो वायरच्या रक्षणासाठी! ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर निमूट वाहू देतो. तेवढ्या धारेने एक एमएम तांब्याच्या दर मीटरला सुमारे २३ वॅट उष्णता निघते, आणि साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस.

पण माझा जीव अडकलाय तो त्या पीळ मारलेल्या जोडात. दोन तारा डोळ्यांना चिकटलेल्या दिसल्या तरी प्रत्यक्षात मोजक्या सूक्ष्म बिंदूंवरच टेकतात. सगळी धारा तिथून दाटीवाटीने जाते. जोडाचा रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, समजा ०.१ ओहम. उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. १६ चा वर्ग २५६, गुणिले ०.१, म्हणजे २५.६ वॅट. रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, तीही टेपच्या आत. तापल्यावर तांबं प्रसरण पावतं, निवल्यावर आकसतं, जोड आणखी सैल होतो, पृष्ठभागावर ऑक्साइड चढतं. हे क्युप्रस ऑक्साइड अर्धवाहक आहे. तापलं की त्याचा रोध घटतो, म्हणून धारा सर्वांत तापलेल्या रेषेतच एकवटते. ती रेषा लाल होते, शेजारचं तांबं खाऊन नवं ऑक्साइड बनवते.

एमसीबीतल्या द्विधातू पट्टीला (जास्त धारेने तापून वाकते आणि खटका पाडते ती) यातलं काहीच कळत नाही. तिला धारा कळते, आणि धारा तर सोळाच. गळती पकडणारा खटका, म्हणजे आरसीसीबीही गप्प, कारण गेलेली धारा पुरती परत येते.

वास्तुशास्त्रासाठी बोर्ड आग्नेयेला हवा म्हणून वायरची लांबी वाढवणारे मी पाहिलेत. लांबीबरोबर रोध वाढतो, दिशेबरोबर नाही.

एसीला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र चार एमएमची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि सोबत अर्थिंगची तार घ्या, परवानाधारक वायरमनकडूनच. पाइपात जोड नको. टाळताच आला नाही तर तो स्क्रूच्या कनेक्टरने जंक्शन बॉक्समध्ये करायचा. बॉक्सचं झाकण उघडता यायला हवं, वर प्लास्टर नको.