यकृत प्रत्यारोपणानंतरची दैनंदिन काळजी (खानदेश)

निकामी यकृताच्या जागी दुसऱ्या व्यक्तीचे यकृत किंवा त्याचा भाग बसवल्यावर रुग्णाने आणि त्याच्या घराने जन्मभर सांभाळायची दिनचर्या. औषधांच्या वेळा, रक्ततपासण्या, संसर्गापासून बचाव, आहार, श्रम आणि मनःस्वास्थ्य हे सारे तिच्यात येते. भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत पार पडले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले रुग्ण या शस्त्रक्रियेसाठी प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडे जातात. काही महिन्यांनी गावी परतल्यावर तज्ज्ञ डॉक्टर शेकडो किलोमीटर दूर असतो, म्हणून खानदेशात या काळजीचा खरा भार घरावर पडतो.

औषधे. नवे यकृत शरीराला कायम परके वाटते आणि रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावर हल्ला करू पाहते. तिला आवर घालण्यासाठी टॅक्रोलिमस हे मुख्य औषध देतात. सोबत बहुधा मायकोफेनोलेट आणि सुरुवातीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असते. टॅक्रोलिमसची साधी कॅप्सूल बारा-बारा तासांनी, रोज त्याच वेळी आणि जेवणाशी तेच अंतर राखून घ्यायची असते. रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी आधी रक्त द्यायचे, मग गोळी घ्यायची. गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेल्यास आकडा फुगलेला येतो आणि डॉक्टरांचा अंदाज चुकतो. वर्ष-दोन वर्षे सुरळीत गेली की घरातलेच कोणी तरी म्हणते, ‘‘आते बरं वाटस ना, मंग गोया कसाले?’’ (आता बरं वाटतंय ना, मग गोळ्या कशाला?) सगळ्यांत मोठा धोका इथे आहे. यकृत नाकारले जाण्याची सुरुवात पुष्कळदा कोणत्याही त्रासाविना होते आणि फक्त रक्तातल्या एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारे द्रव्य) आणि बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) यांच्या वाढीतून कळते. डोळे पिवळे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो. बरे वाटते ते या गोळ्यांमुळेच, हे घरातल्या प्रत्येकाला, अगदी शाळकरी मुलांनाही, ठाऊक असले पाहिजे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बहुतेक गोळ्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. पत्र्याच्या खोलीतले फडताळ किंवा उन्हात उभ्या मोटारसायकलची डिकी त्यांना मानवत नाही. घरातली सर्वांत थंड, कोरडी जागा त्यांना द्यावी आणि कॅप्सूल घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढावी. प्रवासात औषधे हातातल्या पिशवीत, दोन दिवस जास्तीची घेऊन ठेवावीत. उन्हाळी जुलाब आणि उलट्या या रुग्णांना दुहेरी नडतात. शरीरातले पाणी घटते आणि जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी चढते, आणि दोन्हींचा मार मूत्रपिंडावर बसतो. अशा वेळी घरगुती उपायांवर दिवस न काढता प्रत्यारोपण केंद्राला त्याच दिवशी फोन करावा.

गावातल्या दवाखान्यात अंगदुखीसाठी सहज टोचली जाणारी डायक्लोफेनॅकची सुई किंवा आयबुप्रोफेनची गोळी मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात, क्षयावरचे रिफाम्पिसिन ती इतकी खाली आणते की यकृत धोक्यात येते. म्हणून चालू औषधांचा कागद खिशात असावा आणि नवे कोणतेही औषध, दातांच्या डॉक्टरने दिलेलेसुद्धा, केंद्राला विचारूनच सुरू करावे. काविळीवरच्या झाडपाल्याला आणि काढ्यांना पूर्ण नकार द्यावा. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. शिवाय जी वनस्पती प्रतिकारशक्ती ‘वाढवते’ म्हणून दिली जाते, ती या रुग्णाला उलटीच पडते.

आहार. खानदेशी जेवणातले बरेचसे या रुग्णाला चालते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, डाळी, शिजवलेल्या भाज्या उत्तमच. पहिल्या महिन्यांत जखम भरण्यासाठी आणि झडलेले अंग परत येण्यासाठी प्रथिने जास्त लागतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीतही चालते, पण त्यावर कच्ची कांद्याची पात घालताना ती स्वच्छ पाण्याने नीट धुतलेली हवी आणि पहिल्या महिन्यांत टाळलेलीच बरी. शेवभाजीचा तर्रीदार रस्सा, बिबडे आणि पापड यांतले तेल-मीठ रक्तदाब वाढलेल्यांनी आवरावे. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन दोन्ही साखर वाढवू शकतात. खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांचा मोह ज्यांना आहे त्यांनी आधी रक्तातली साखर पाहावी.

केळ्याचा प्रश्न या भागाचा खास आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळे हे रोजचे खाणे, पण मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि टॅक्रोलिमसमुळे रक्तातले पोटॅशियम चढू शकते. ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडते. केळी सोडायचीच असा नियम नाही. अहवालातला पोटॅशियमचा आकडा बघून किती खायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. शहाळ्याच्या पाण्याचेही तसेच. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात, ती खाऊच नयेत. कच्चे दूध, रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा आणि बुरशी धरलेले शेंगदाणे वर्ज्य. दारू, मोहाचीसुद्धा, कायमची बंद.

श्रम आणि शेत. चालणे लवकर सुरू होते आणि रोज वाढवायचे असते. पाण्याचा हंडा, धान्याचे पोते असे जड वजन पहिले तीन महिने तरी उचलू नये, पोटाच्या चिरेतून हर्निया येतो. शेतकऱ्याला शेतापासून कायम तोडण्याचे कारण नाही. पण शेणखत उपसणे, कडबा-भुसा हलवणे, मळणी या कामांत बुरशीचे बीजाणू उडतात आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीच्या फुप्फुसात ते जीवघेणा आजार करू शकतात. ही कामे दुसऱ्याने करावी. इतर कामांना मास्क, हातमोजे, बूट घालावेत. प्रत्यारोपणानंतर त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, म्हणून बाह्या लांब, डोक्याला रुमाल आणि भर दुपारी सावली.

माणसे. खानदेशात आजाऱ्याला भेटायला सारे गाव येते. या प्रेमाला नकार देणे घरच्यांना जड जाते, तरी सर्दी-खोकला असलेल्याने ओसरीवरूनच विचारपूस करावी. श्रावणातल्या कानबाई देवीच्या उत्सवातली रोटाची पंगत किंवा चैत्रात सप्तशृंगीची पायी वारी पहिल्या वर्षी नको. पुढे केंद्राच्या सल्ल्याने ठरवावे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या मुलीबाळींत बसायला हरकत नाही, हात धुतलेले असावेत.

जिवंत दाता बहुधा घरातलाच असतो, आणि पुष्कळदा ती बाई असते: आई, बायको, बहीण. तिचे उरलेले यकृत काही महिन्यांत जवळपास पूर्ववत वाढते, पण पोटावरची चीर आणि थकवा तिलाही असतो. प्रत्यक्षात रुग्णाभोवती घर गोळा होते आणि ती मात्र चुलीपाशी परत जाते. तिलाही विश्रांती, तपासणी आणि वजन न उचलण्याचा तोच नियम लागू आहे, आणि तिचे दुखणे कोणी तरी रोज विचारले पाहिजे. रुग्णाच्या मनावर तिच्या ऋणाचे, किंवा मृत दात्याच्या मरणाचे ओझे असते; स्टेरॉइडमुळे झोप उडते, चिडचिड होते. मन फार खचले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

जिवंत विषाणूंच्या लसी, उदाहरणार्थ गोवर किंवा कांजिण्यांची, प्रत्यारोपणानंतर सहसा देत नाहीत. फ्लूची निष्क्रिय लस दरवर्षी घ्यावी. मूल हवे असलेल्या स्त्रीने किमान वर्षभर थांबावे आणि गर्भाला अपाय करणारे मायकोफेनोलेट डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधीच बदलून घ्यावे. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पिवळे डोळे, गडद लघवी, पांढुरके शौच किंवा अंगभर खाज यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी केंद्राशी बोलावे आणि सर्व कागदांची फाइल घेऊन निघावे.