चांद्याचा कोळसा, पैनगंगेकाठचे बर्फाचे ओरखडे आणि ‘गोंडवाना’ नावाचा गुंता

चंद्रपूर, म्हणजे जुनं चांदा, म्हटलं की आधी वीज केंद्र, मग कोळसा, मग ऊन, मग ताडोबा. परकोट त्यानंतर. खडकांचा नंबर लागतच नाही, आणि हे वर्षानुवर्षं खटकत आलं आहे. ज्या जमिनीतून कोळसा निघतो, तिनेच परकोटाला वालुकाश्माचे घडीव चिरे दिले, राजुरा-कोरपन्याच्या सिमेंट कारखान्यांना चुनखडी दिली, आणि संग्रहालयांना जीवाश्म. या सगळ्यावर एकच शब्द चिकटवला जातो, ‘गोंडवाना’. तो सरसकट वापरला जातो, म्हणून त्याच्याबद्दल इथे जरा जास्त लिहितो.

पण सुरुवात चुनखडीपासून, कारण कोळशाच्या खाली ती आहे. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या बाजूला इरई नावाचं गाव आहे (शहराजवळून वाहणारी इरई नदी वेगळी). तिथे १८७०च्या दशकात सर्वेक्षण करणाऱ्या भूशास्त्रज्ञांना नदीकाठी चुनखडीचा एक उघडा पडलेला थर दिसला. पृष्ठभाग घोटून गुळगुळीत झालेला, त्यावर एकमेकांना समांतर गेलेले ओरखडे, आणि वर हिरवट मातकट थरात रुतलेले लहानमोठे गोटे, त्यातल्या काहींच्या बाजू घासून सपाट झालेल्या. वरवंट्याखाली खडा अडकला की पाट्यावर जशी रेघ उठते, तशी ही रेघ. इथे वरवंटा होता सरकता बर्फ. सुमारे २९-३० कोटी वर्षांपूर्वी हा भाग दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता आणि हिमनद्या तळाशी अडकलेले दगड घेऊन या चुनखडीवरून घासत गेल्या. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो, तिथल्या खडकावर बर्फाची ही सही आहे. भारतात हिमयुगाचा इतका थेट पुरावा फार थोड्या ठिकाणी दिसतो.

बर्फ हटल्यावर त्याच खोऱ्यात नद्या, दलदल आणि जंगल आलं. जंगल पुरलं गेलं, त्याचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यात कोळशाचा मुख्य थर काही ठिकाणी पंधरा-वीस मीटरपर्यंत जाड आहे. त्या जंगलाची खूण म्हणजे ग्लोसॉप्टेरिस ही आता नामशेष झालेली वनस्पती. करड्या शेलचा, म्हणजे चिखलापासून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकाचा, तुकडा थरावर नीट फुटला तर आत जिभेच्या आकाराचं पान मिळतं, मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात प्राण गेलेल्या ब्रिटिश तुकडीजवळ जवळपास १६ किलो दगड सापडले, त्यातही ग्लोसॉप्टेरिसच होतं. मरणाच्या दारात माणसांनी ते वजन टाकून दिलं नाही.

आता नाव. भूशास्त्रात ‘गोंडवाना’ हा शब्द आधी खडकांसाठी आला, खंडासाठी नाही. नर्मदा-सातपुडा भागात काम करणाऱ्या एका ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये आपल्या हस्तलिखितात कोळसा असलेल्या थरांच्या या मालिकेसाठी तो वापरला, कारण जुन्या गोंड राज्यांच्या मुलखात ती मालिका पसरलेली होती. छापील स्वरूपात तो १८७६ मध्ये दुसऱ्याच एका अभ्यासकाच्या लेखात आला. म्हणजे नाव चांद्यात सुचलेलं नाही, हे आपण अभिमानाच्या भरात विसरू नये. पण चांदा हे गोंडांच्या चार मोठ्या राज्यांपैकी एक होतं, त्यामुळे हक्क सांगायला जागा उरते.

पुढे १८८५ मध्ये एका ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने ग्लोसॉप्टेरिसच्या आधारे भारत आणि आफ्रिका एकेकाळी जोडलेले होते असं मांडलं आणि त्या भूभागाला ‘गोंडवाना-लँड’ म्हटलं. वाद इथून सुरू होतो. गोंडवाना म्हणजेच गोंडांचा मुलूख. अकबराच्या काळातल्या फारसी इतिहासातही हा शब्द याच अर्थाने येतो. मग त्याला ‘लँड’ जोडणं म्हणजे मुलखाचा मुलूख, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते की खडकांची मालिका आणि प्राचीन महाखंड वेगळे ओळखायचे तर शेपूट हवंच. आपल्या मराठीत आणखी एक फाटा फुटला. कुणी ‘गोंडवन’ लिहितं आणि त्यात संस्कृत ‘वन’ पाहतं, कुणी ‘गोंडवाना’. पहिल्यात जंगल पुढे येतं, दुसऱ्यात मुलूख.

मला हा नुसता व्याकरणाचा प्रश्न वाटत नाही. या जिल्ह्यात ‘गोंडवाना’चे तीन अर्थ रोज कानावर पडतात: कोळशाचे खडक, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा महाखंड, आणि गोंडांचा ऐतिहासिक मुलूख, ज्याच्या वेगळ्या राज्याची मागणी आजही होते. २०११ मध्ये गडचिरोलीला विद्यापीठ झालं, त्याच्याही नावात हाच शब्द आहे. तिन्ही अर्थ एकत्र कालवले की शाळेतली मुलं विचारतात, ‘गोंड राजांच्या काळात डायनासोर होते का?’ आणि दुसरीकडे ज्यांच्या नावाने अर्धं प्राचीन जग ओळखलं जातं, ते लोक स्वतःला कोइतूर म्हणवतात. ‘गोंड’ हे नाव त्यांना बाहेरच्यांनी दिलेलं. माझं मत सरळ आहे: खडकांना ‘गोंडवाना थर’ म्हणा, खंडाला ‘गोंडवाना महाखंड’ म्हणा, आणि नुसता ‘गोंडवाना’ हा शब्द इथल्या माणसांसाठी राखून ठेवा.

खाणकाम त्या मानाने अगदी अलीकडचं. १८७०च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला. त्याच सुमारास लोहाऱ्याच्या लोहखनिजाची चर्चा होती. १८८२ च्या एका अहवालाने चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना काढण्याचा हिशेब मांडला आणि मुंबईच्या एका उद्योजकाने तो मनावर घेतला. अडलं कोळशापाशी. वरोऱ्याच्या कोळशात ओल आणि राख जास्त, त्याचा कोक, म्हणजे लोखंडाच्या भट्टीला लागणारा भाजलेला कोळसा, होत नाही. आणि कोक नाही तर भट्टी नाही. पोलाद शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, गेलं. चांद्याच्या वाट्याला फक्त जळणाचा कोळसा राहिला, आणि जिल्ह्याचं पुढचं शतक त्यानेच घडवलं असं मी मानतो. १९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद पडली, कामगार बल्लारपूरकडे वळले.

१९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर मोठा बदल झाला तो पद्धतीत. भुयारी खाणींची जागा ओपनकास्टने, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या खाणींनी, घेतली आणि शहराभोवती ओबीच्या, म्हणजे उपसलेल्या दगडमातीच्या, टेकड्या उभ्या राहिल्या. १९८०च्या दशकात वीज केंद्र आलं. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. २००९ च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथं होतं. जुन्या भुयारांचा हिशेबही संपलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुन्या खाणीची पोकळी होती. माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली.

या धबडग्यात जीवाश्मांकडे लक्ष देणार कोण? ओबीच्या प्रत्येक ट्रकमधून पानांचे ठसे जात असतील, ते वेचायला तिथे कुणी उभं नसतं. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान झालं, ही चांगली गोष्ट. पण वरोऱ्याजवळचं पिसदुरा अजून शेतांचंच गाव आहे. तिथला थर डायनासोरांच्या अखेरच्या काळातला, सहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा. कोळशाच्या मालिकेपेक्षा कितीतरी तरुण, म्हणून तो गोंडवाना थरांत मोजत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूरच्या एका स्कॉटिश मिशनऱ्याने इथून हाडं गोळा केली. हाडांबरोबर दगड झालेली विष्ठाही इथे सापडते, तपकिरी, मुठीत मावेल अशी. २००५ मध्ये अशाच काही तुकड्यांतले सूक्ष्म सिलिकाकण तपासले, तेव्हा त्यात गवताचे अवशेष निघाले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं, असं तोवर सगळे धरून चालले होते. ते गृहीतक मोडलं ते वरोऱ्याजवळच्या नांगरटीत वर येणाऱ्या या तुकड्यांनी.