केमो, 'काउंट' आणि ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन : आमच्या लॅबमध्ये येणाऱ्यांसाठी माहिती

स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू असलेल्या अनेक ताई-मावश्या पुढच्या सायकलच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला येतात. रिपोर्ट हातात पडताच पहिला प्रश्न असतो, "काउंट किती आला?" काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा, कमी निघाला की केमो पुढे ढकलली जाते, म्हणून जीव टांगणीला लागतो. ही माहिती त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. बोन मॅरोमध्ये (हाडांच्या आतल्या मगजात) रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभर वाढतात, त्यामुळे त्यांनाही झळ बसते. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं. न्यूट्रोफिल या इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. नवा पुरवठा थांबला की त्यांचा आकडा लगेच घसरतो. बहुतेक औषधांत केमोनंतरचा सातवा ते चौदावा दिवस सगळ्यात नाजूक असतो.

शरीर मात्र स्वस्थ बसत नाही. जी-सीएसएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर (पेशी वाढवायला लावणारा घटक) आपल्या रक्तात मुळातच असतो आणि तो बोन मॅरोला न्यूट्रोफिल बनवायला लावतो. या फॅक्टरचा बराचसा भाग न्यूट्रोफिलच शोषून घेतात. त्या कमी झाल्या की तो रक्तात साचतो, त्याची पातळी चढते आणि मॅरोला जोर मिळतो. पेशी परतल्या की पातळी आपोआप उतरते. म्हणजे काउंट सगळ्यात खाली असतो त्या दिवसांत जी-सीएसएफ उलट वाढलेलं असतं. आम्हाला तरी शरीराची ही व्यवस्था फार विलक्षण वाटते.

पण जोरदार केमोत एवढ्याने भागत नाही, म्हणून डॉक्टर बाहेरून तेच देतात. फिलग्रास्टिम रोज एक असं काही दिवस, किंवा पेगफिलग्रास्टिम 6 मिलिग्रॅमचं सायकलमागे एकच. दुसऱ्याचा रेणू मोठा असल्याने किडनीवाटे तो फारसा जात नाही. न्यूट्रोफिल वाढल्या की त्याच त्याला संपवतात. दोन्ही इंजेक्शनं केमो संपल्यावर किमान 24 तासांनी घ्यायची असतात. त्यानंतर कंबर, मांड्यांची हाडं ठणकतात. ते सहसा काही दिवसांत थांबतं. दुखणं फार असेल तर डॉक्टरांना सांगा.

"ग्रोथ फॅक्टरची लेव्हल तपासायची का?" असं बरेच जण विचारतात. केमोचा निर्णय घ्यायला जी-सीएसएफची तपासणी लागत नाही, तिच्यावर पैसे घालवू नका. व्हीईजीएफ हा वेगळा फॅक्टर, तो रक्तवाहिन्या वाढवतो. रक्त गोठताना प्लेटलेट्समधून तो बाहेर पडतो, त्यामुळे केमोने प्लेटलेट्स उतरल्या की सीरममधला (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातला) आकडाही उतरलेला दिसतो. तेवढ्यावरून गाठ कमी झाली असं समजू नका.

रिपोर्टमध्ये बघायचा तो एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा. एकूण पांढऱ्या पेशी 3200 आणि न्यूट्रोफिल 40 टक्के असतील, तर एएनसी 1280. बरेच डॉक्टर पुढच्या केमोआधी 1500 च्या आसपास आकडा बघतात, पण शेवटचा शब्द त्यांचाच. 500 च्या खाली गेला तर इन्फेक्शनचा धोका मोठा.

केमोच्या काळात ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर रात्र असो वा सुट्टी, थेट हॉस्पिटल गाठा. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. आधी आमच्याकडे रिपोर्टसाठीही येऊ नका.

सॅम्पल देताना इंजेक्शनची तारीख आवर्जून सांगा. इंजेक्शननंतर पांढऱ्या पेशी वीस-तीस हजारांवर गेलेल्या दिसू शकतात. तारीख माहीत नसली तर तो आकडा इन्फेक्शनचा वाटतो आणि घरचे उगाच घाबरतात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तेही सांगा, त्या बाजूच्या हातातून आम्ही रक्त घेत नाही. केमो पोर्टमधूनही (केमोसाठी त्वचेखाली बसवलेल्या साधनातूनही) घेत नाही. ते काम हॉस्पिटलच्या प्रशिक्षित नर्सचं.