शिकलेले दिसतेच असे नाही

काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या दिवशी मी भरपेट श्रीखंड खाल्ले आणि त्याच रात्री साथीच्या तापाने मला उलट्या सुरू झाल्या. घरातल्या इतरांनीही तेच श्रीखंड खाल्ले होते आणि ती सगळी ठणठणीत होती, त्यामुळे यात श्रीखंडाचा काही दोष नाही हे मला तेव्हाही पुरेपूर कळत होते. तरीही आज वेलदोड्याचा आणि आंबटसर चक्क्याचा तो वास आला की घशाशी येते. अशा वेळी आपण ‘मन घेत नाही’ म्हणतो; खरे पाहता मनाची तयारी असते, पोट ऐकत नाही. त्या जेवणाच्या वेळी टीव्ही चालू होता, ताटाभोवती रांगोळीही होती. त्यांच्याबद्दल मात्र मला कधी शिसारी वाटली नाही. असे का व्हावे, या साध्या प्रश्नाने मानसशास्त्रातील एक प्रस्थापित सिद्धान्त मुळापासून हलवला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्तनवादी, म्हणजे फक्त बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या, मानसशास्त्रज्ञांचा असा समज होता की कोणतीही खूण कोणत्याही परिणामाशी सारख्याच सहजतेने जोडता येते. फक्त दोहोंमध्ये फारसा वेळ जाता कामा नये आणि जोडी पुन्हापुन्हा घडली पाहिजे. खाण्याआधी वारंवार एखादा आवाज ऐकवला की पुढे नुसत्या त्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते, हे दाखवणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगांनी या समजाला बळ दिले होते. जॉन गार्सिया हे अमेरिकी शास्त्रज्ञ 1950च्या दशकात किरणोत्साराचा उंदरांवर होणारा परिणाम अभ्यासत असताना त्यांना दिसले की किरणोत्साराच्या खोलीत उंदीर दिवसेंदिवस कमी पाणी पीत आहेत. त्या खोलीतल्या बाटल्या प्लास्टिकच्या होत्या आणि पाण्याला प्लास्टिकची चव येत होती. मळमळ किरणांमुळे होत होती, पण उंदरांनी तिचा ठपका पाण्याच्या चवीवर ठेवला होता.

हा धागा धरून गार्सिया आणि रॉबर्ट कोएलिंग यांनी 1966 मध्ये एक अत्यंत देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराने नळीला जीभ लावली की गोड सॅकरिनचे पाणी मिळे आणि प्रत्येक चाटण्याबरोबर दिवा लुकलुके, खटका वाजे. म्हणजे चव, प्रकाश आणि आवाज या तिन्ही खुणा एकदमच मिळत. पुढे काही उंदरांना क्ष-किरणांनी आजारी पाडले, तर काहींच्या पायांना विजेचा झटका दिला. नंतर गोड पाणी आणि दिव्याखटक्याचे साधे पाणी वेगवेगळे देऊन पाहिले. आजारी पडलेल्यांनी गोड पाणी टाळले, पण दिवा लुकलुकणारे साधे पाणी ते खुशाल पीत राहिले. झटका बसलेल्यांचे नेमके उलट झाले: गोड पाणी त्यांना चालले, दिव्याखटक्याचे पाणी मात्र नको झाले. पोटातल्या त्रासाचा संबंध चवीशी आणि कातडीवरच्या वेदनेचा संबंध दिसण्या-ऐकण्याशी जोडण्याची तयारी उंदराच्या शरीरात आधीपासूनच होती. शिवाय चव आणि आजार यांत तासाभराचे अंतर असले तरी ही गाठ बसते, हेही पुढे दिसून आले. हे निष्कर्ष त्या काळच्या समजुतींना इतके सोडून होते की गार्सियांचे काही निबंध नियतकालिकांनी परत पाठवले.

या ज्ञानाचा उपयोग कर्करोगाच्या रुग्णांना झाला, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. केमोथेरपीमुळे मळमळते आणि त्याआधी खाल्लेल्या नेहमीच्या अन्नावरची वासना उडते. आजारी मुलांच्या बाबतीत हे फारच घातक. इलीन बर्नस्टाइन यांनी 1978 मध्ये मुलांमध्ये हा परिणाम दाखवून दिला. पुढे असेही आढळले की जेवण आणि उपचार यांच्या मध्ये एखादी अनोळखी चवीची गोळी चघळायला दिली, तर नावड बरीचशी त्या गोळीवर जाते आणि रोजचे जेवण वाचते.

शरीर असे मर्यादा आखते, पण त्यांच्या आत डोकेही काम करतच असते. टोलमन आणि हॉन्झिक या मानसशास्त्रज्ञांनी 1930 मध्ये 14 वळणांच्या चक्रव्यूहात उंदीर सोडले. एका गटाला शेवटी रोज खाऊ मिळे. दुसऱ्याला दहा दिवस काहीच मिळाले नाही आणि ते उंदीर नुसते भटकत राहिले. अकराव्या दिवशी त्यांच्यासाठी खाऊ ठेवला, आणि बाराव्या दिवशी त्यांच्या चुका रोज खाऊ मिळणाऱ्यांइतक्याच कमी झाल्या. त्या भटकण्यात रस्त्यांचा नकाशा त्यांच्या डोक्यात तयार झालेला होता. तो वापरण्याचे कारण तेवढे आधी नव्हते.

माणसाच्या मुलांबाबत हेच मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1965 मध्ये दाखवले. त्यांनी लहान मुलांना एका चित्रफितीत मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला बदडताना दाखवले. शेवटी त्या माणसाला शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी, त्याला बक्षीस मिळालेले किंवा काहीच न झालेले पाहिलेल्या गटांपेक्षा, त्याची नक्कल कमी केली. पण ‘जे पाहिलेस ते करून दाखव, प्रत्येक कृतीला बक्षीस देतो’ असे सांगताच गटांमधला फरक नाहीसा झाला. मुलाने केले नाही म्हणून ते शिकले नाही, असे समजणाऱ्या प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने हा प्रयोग ध्यानात ठेवावा असे मला मनापासून वाटते.

पाहून शिकण्यालाही शरीराने आखलेली मर्यादा असतेच. उत्तर भारतात सर्रास दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांवर सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी केलेले प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नसते. खेळण्यातल्या सापावरून हात पुढे करून ती बिनदिक्कत खाऊ उचलतात. दुसरे माकड सापाला घाबरताना एकदा पाहिले की त्यांचा हात अडखळू लागतो. मग चित्रफितीची काटछाट करून तेच घाबरलेले माकड जणू फुलांना घाबरते आहे असे दाखवले. ते पाहूनही माकडे फुलांना घाबरायला शिकली नाहीत. आणखी एका प्रयोगात काही माकडांना आधी सापाजवळ निर्धास्त वावरणारे माकड पाहू दिले आणि मगच घाबरणारे दाखवले. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मनात सापाची भीती रुजलीच नाही.