लॉस एंजेलिस पॉव्हर्टी डिपार्टमेंट

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या स्किड रो या वस्तीत १९८५ साली सुरू झालेली नाट्यसंस्था. मुख्यतः बेघर माणसांचाच बनलेला असा नाट्यसंघ त्या देशात पहिलाच, असे सहसा मानले जाते. संस्थापक जॉन मालपीडी हे न्यूयॉर्कमधले प्रयोगशील रंगकर्मी. संस्थेच्या नावात मुद्दाम ठेवलेली खोच आहे. त्याची आद्याक्षरे होतात एलएपीडी, आणि त्या शहरात ही चार अक्षरे पोलीस खात्याची म्हणून लहान मुलालाही ठाऊक असतात. फुटपाथवर झोपलेल्याला उठवायला येतात तेही एलएपीडी आणि त्यालाच तालमीला बोलावतात तेही एलएपीडी.

संस्था समजून घ्यायची तर आधी वस्ती पाहावी लागते. स्किड रो हा शब्द मुळात लाकूडतोडीच्या धंद्यातला. ओंडके घसरवत नेण्याच्या वाटेला अमेरिकेच्या वायव्य भागात ‘स्किड रोड’ म्हणत. त्या वाटेच्या आसपास हंगामी मजुरांचे गुत्ते आणि स्वस्त खोल्या असत. पुढे हे नाव कोणत्याही शहरातल्या फाटक्या वस्तीला चिकटले. लॉस एंजेलिसची स्किड रो शहराच्या मध्यभागाला लागून, चारी बाजूंनी रस्ते असलेल्या साधारण पन्नास चौकोनी भूखंडांत पसरली आहे. १९७०च्या दशकात ती पाडून टाकण्याचा घाट घातला गेला. तेव्हा वस्तीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांनी पर्यायी आराखडा मांडला आणि १९७६ साली शहराने एक तडजोड स्वीकारली : एकेका खोलीची स्वस्त निवासी हॉटेले, रात्रनिवारे आणि अन्नछत्रे याच हद्दीत टिकवायची, तिथेच एकवटायची. या धोरणाने हजारोंच्या डोक्यावरचे छप्पर वाचले हे खरे. पण इतर वस्त्यांनाही गरिबांना तिकडे धाडण्याची आयती सोय झाली, हेही तितकेच खरे.

मालपीडी १९८४च्या ऑलिम्पिकच्या सुमारास लॉस एंजेलिसला आले आणि स्किड रोतल्या लोकांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या कार्यालयात काम करू लागले. खोली, भत्ता, पोलिसांची चलने असल्या अडचणी घेऊन माणसे तिथे येत. त्यांच्यासाठीच त्यांनी नाट्यकार्यशाळा उघडली. येणाऱ्याला अट कसलीच नव्हती. दारू सोडल्याचा दाखला नको, मागचा अनुभव नको, नाव खरे सांगितले पाहिजे असेही नाही. पहिल्या वर्षांतले प्रयोग लोकांच्या स्वतःच्या कहाण्यांतून आणि उत्स्फूर्त संवादांतून उभे राहत.

अशा संघाची तालीम म्हणजे गोंधळच. आज आलेला नट उद्या तुरुंगात असू शकतो, इस्पितळात असू शकतो किंवा नुसताच नाहीसा झालेला असू शकतो. नेहमीच्या नाटकवाल्याने अशा वेळी कपाळाला हात लावला असता. इथे मात्र त्या अस्थिरतेचीच शैली झाली : एकाच वेळी दोघांचे बोलणे, एका भूमिकेला दोन माणसे, कोणी मध्येच रंगमंचावर आला तर त्याला सामावून घेणारा प्रवेश. त्यामुळे या संस्थेला समाजसेवेच्या खात्यात टाकून मोकळे होणे चुकीचे आहे. तिचे प्रयोग ओबडधोबड असतात, पण ते ओबडधोबडपण ठरवून जपलेले असते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स म्युझियमने २०१४ साली तिच्या कामाचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरवले, ते काही दयेपोटी नव्हे.

संस्थेचे सर्वांत गाजलेले नाटक ‘एजंट्स अँड ॲसेट्स’ (२००१). त्याची संहिता कोणी लिहिलेली नाही. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या एका वृत्तपत्राने लेखमाला छापली. निकाराग्वातल्या सरकारविरोधी बंडखोरांशी संबंधित टोळ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये कोकेन विकले आणि त्या बंडखोरांच्या पाठीशी सीआयए ही गुप्तचर संस्था होती, असा तिचा आशय. प्रकरण चिघळले आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकी संसदेच्या गुप्तवार्ता समितीपुढे सुनावणी झाली. त्या सुनावणीचे अधिकृत इतिवृत्त म्हणजेच हे नाटक. खासदारांची शिष्टाचाराची वाक्ये, टोलवाटोलवी, ‘माझी वेळ संपली’ वगैरे सगळे शब्दशः. भूमिका करणारे स्किड रोचे रहिवासी. त्यांच्यातल्या अनेकांचे आयुष्य त्याच कोकेनच्या क्रॅक या स्वस्त प्रकाराने पोखरलेले, आणि अंगावर सूट चढवून ते समितीच्या सदस्यांच्या खुर्चीत बसतात. अभिनय कोणीही ओढूनताणून करत नाही; करायची गरजही पडत नाही. प्रयोगानंतर अमली पदार्थविषयक धोरणावर चर्चा होई, आणि ती नाटकाचाच भाग मानली जाई. व्यसनी माणसाला तुरुंगात धाडायचे की उपचाराला, हा प्रश्न त्या काळात अनेक राज्यांत मतदारांपुढे होता. संस्थेने हे नाटक इतर शहरांत नेले तेव्हा तिथल्या स्थानिक लोकांनाही नटसंचात घेतले.

२०००नंतर नेदरलँड्सच्या रंगकर्मी हेन्रिएट ब्रॉवर्स मालपीडींच्या जोडीने दिग्दर्शन करू लागल्या. ‘स्टेट ऑफ इन्कार्सरेशन’ या नाटकात त्यांनी अख्खी खोली दुमजली लोखंडी खाटांनी भरून टाकली आणि प्रेक्षकांनाही त्याच खाटांवर बसवले. कॅलिफोर्नियाचे तुरुंग तेव्हा इतके तुडुंब होते, की २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणायला लावली. (म्हणजे कपातीनंतरही शंभराच्या जागेत सदतीस-अडतीस जास्त.) तुरुंगातून सुटलेल्यांपैकी कितीतरी जण येऊन थडकत ते स्किड रोवरच.

२०१२पासून संस्था ‘वॉक द टॉक’ नावाची मिरवणूक काढते. पुढे बँड, मागे वस्ती. ठरावीक ठिकाणी मिरवणूक थांबते आणि तिथे राहिलेल्या किंवा राबलेल्या एखाद्या माणसाची गोष्ट त्याच्याच मुलाखतीतल्या शब्दांत सादर होते. एखाद्याने उद्यान मिळवलेले असते, कोणी वर्षानुवर्षे जेवण वाढलेले असते. बाहेरच्या जगाला स्किड रो म्हणजे तंबूंची रांग एवढेच दिसते; इथे जुने रहिवासी आहेत, शेजार आहे, पुढारी आहेत, हे संस्थेचे म्हणणे पहिल्यापासूनचे आहे. तिचे सगळेच सदस्य फुटपाथवर राहत नाहीत; बरेच जण निवासी हॉटेलांतल्या खोल्यांत कित्येक वर्षे राहिलेले आहेत. सरसकट ‘बेघर कलावंत’ म्हणणे त्यामुळे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

२०१५ साली संस्थेने लॉस एंजेलिसमधल्याच ब्रॉडवे रस्त्यावर स्किड रोच्या इतिहासाचे संग्रहालय आणि दप्तरखाना उघडला. २०१७ साली तिथे मिनी गोल्फचे नऊ खड्ड्यांचे मैदान मांडले होते. कलाकार रोस्टन वू यांच्या साहाय्याने केलेल्या त्या खेळाचा विषय मात्र विकास आराखडा आणि जमिनीची आरक्षणे. बिल्डर आणि अधिकारी गोल्फ खेळता खेळता जमिनीचे व्यवहार ठरवतात, तर तो खेळ वस्तीनेही खेळून पाहावा, ही कल्पना. शहराच्या मध्यभागाचा नवा आराखडा त्या वेळी तयार होत होता. विकास आराखड्यावर हरकती-सूचना नोंदवायला गेलेल्या कोणालाही हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

याच धर्तीची कामे इतरत्रही आहेत. लंडनच्या कार्डबोर्ड सिटिझन्स (१९९१) या संघाने ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल यांची पद्धत उचलली. तीत प्रेक्षक नाटक थांबवून पात्राच्या जागी स्वतः उभा राहतो. स्ट्रीटवाइज ऑपेरा (२००२) ही ब्रिटिश संस्था बेघरांबरोबर ऑपेरा करते. ओसाकातल्या कामागासाकी या रोजंदारी मजुरांच्या वस्तीत कवयित्री कानायो उएदा कविता आणि चहापानाचा अड्डा चालवतात.

स्किड रोतल्या सर्व कलावंतांचा महोत्सव २०१०पासून ग्लॅडिस पार्कमध्ये (आताचे जनरल जेफ मेमोरियल पार्क) भरतो. निवड समिती नाही. वस्तीत राहणारा किंवा काम करणारा कोणीही नाव नोंदवतो आणि आपल्या पाळीला गातो, रॅप म्हणतो, कविता वाचतो. बाजूला चित्रे मांडलेली असतात, रंगांची टेबले असतात. नोंदवलेल्या नावांची यादी आणि सादरीकरणांची छायाचित्रे, चित्रफिती दप्तरखान्यात जमा होतात.